साळुंकीची वस्तू

जनावरांचे दरबार भरत, तेव्हाची गोष्ट. गवा कारभारी होता. नवा शोध लावणाऱ्याला दरबारातून दाणापाणी मिळेल, अशी त्याने दवंडी पिटवली. सुगरणीने घरटं दाखवलं, मधमाशीने पोळं. दोघींना मदत मिळाली.

मग साळुंकी पुढे झाली. गव्याच्या कानातल्या गोचिडी ती रोज काढायची, आणि रक्ताचा थेंबही न सांडता त्या उपटायची युक्ती तिने उन्हाळाभर खपून शोधली होती.

"वस्तू कुठाय?" गवा गुरगुरला. "वस्तू नाही, तर मदत नाही!"

"सरकार, कानात खाज सुटते का हो?"

"छे! हल्ली मुळीच नाही."

"हीच माझी वस्तू. काम चोख झालं की दिसत नाही," साळुंकीने पंख झटकले. "आजपासून बंद. चार दिवसांत दिसायला लागेल!"