रेशमीचं खोगीर

“मग तुमचाबी माझ्यावर विश्वास नाही का?”

शिवगीरबुवा मठाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी माझ्यामागं उभ्या घोडीकडं बघितलं.

“घरात नाही, घोड्यांच्या स्टँडावर नाही. पाचगणीच्या एकेका घोडेवाल्याला सांगून माझं तोंड दुखलं. घोडी वाईट नाही, खोगीर वाईट आहे. एकाला पटत नाही. म्हणून तिला घेऊन घाट उतरून आले.”

“घोडीनं काय केलं?”

“पोटाखालचा तंग आवळायला गेलं की चावते. रविवारी एका गिऱ्हाइकाला पाडलं. लागलं नाही त्याला, बोंबलला मात्र फार.”

“घरचे काय म्हणतात?”

“दीर म्हणतो, माजली. वरातीत घोडी नाचवणारा एकजण उद्या तिला बघायला येतोय. तो नाचायला कसा शिकवतो ते मी बघितलंय. माझी रेशमी त्याच्या दावणीला जाणार नाही. तुम्ही एवढंच बोला, खोगीर खोटं आहे. तुमचा शब्द दीर मोडत नाही.”

“म्हणजे शब्द तूच घरून आणलायस. मी फक्त उच्चारायचा.”

“होय.”

मी कशाला लपवू?

खोगीर काढून मी त्यांच्यापुढं आपटलं. अमेरिकेतल्या गुराख्यांचं असतं तसलं. पुढं धरायला शिंग, मागं उंच पाठ. त्यावर बसून, मोठी टोपी घालून फोटो काढायची लोकांना हौस. अस्सल आम्हाला परवडत नाही. हे साताऱ्याच्या मन्सूर खोगीरवाल्याकडचं, स्वस्तातलं.

बुवांनी ते उलटं केलं. खालच्या अस्तरावरून हात फिरवला.

“लोकर?”

“नायलॉन. बघा, इथंच फसवलं.”

“घेताना तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग फसलं कोण?”

बुवांनी चामडं दुमडून बघितलं, भेगा पडतात का ते. वास घेतला. शिवणीत नख घालून ओढलं. तंगाच्या कडीला सगळा जोर देऊन हिसका मारला. मग शिंगाची बाजू पोटाला लावली आणि मागची बाजू दोन्ही हातांनी जवळ ओढली. आतला लाकडी सांगाडा मोडका असला की खोगीर मधेच वाकतं.

हे वाकलं नाही. करकरलंसुद्धा नाही.

“स्वस्त आहे,” बुवा म्हणाले. “खोटं नाही.”

मी रेशमीकडं बघितलं.

“म्हणजे घोडी वाईट?”

“असं मी म्हटलं?”

“दोघांतलं एक कोणीतरी असणारच की.”

“का?”

“तुम्हा गोसाव्यांचं हेच. सरळ विचारावं तर वाकडं उत्तर.”

बुवा हसले.

“घोंगडी न घालता चढव.”

मी उघड्या पाठीवर खोगीर ठेवलं. बुवा मागं जाऊन वाकले.

“कण्यावर उजेड दिसतोय. कणा मोकळा आहे.”

मग पुढून त्यांनी खोगिराखाली हात सारला. खांद्याशी हात सहज गेला. मधे आल्यावर अडकला. रेशमीनं कान मागं टाकले.

“बघा. मन्सूरनं...”

“माप घेतलं होतंस?”

हे मला विचारायचं नसतं.

“बुवा, माझ्या मापाला पाचगणीत कोणी नाव ठेवत नाही. ॲल्युमिनियमची तार घ्यायची, पाठीवर आडवी दाबायची. पाठीचा आकार तारेला येतो. तीच तार दुकानात न्यायची आणि खोगिराला लावून बघायची. चौथीच शिकले, पण माप चुकत नाही माझं. ही बघा, पुराव्याला आणलीय.”

“टेकव.”

खोगीर उतरवून मी तार पाठीला टेकवली.

टेकली नाही. दोन्ही टोकं बरगड्यांवर अडकली. मधे चांगली हात जाईल एवढी फट.

मी तार काढली, झटकली, परत ठेवली... तेच.

“कधीची तार?”

“दसऱ्याची. तार खोटं बोलत नाही बुवा.”

“खरंच बोलतेय. दसऱ्याचं.”

...

आता माघ चालू होता. चार महिने झाले.

“अंगानं सुटली म्हणता? पेंड तर मी वाढवलेली नाही.”

बुवांनी विहिरीचं गार पाणी शेंदून तिच्यापुढं ठेवलं. बादली रिकामी होईपर्यंत ती प्याली. मग त्यांनी माझा हात धरला आणि तिच्या कुशीत, खालच्या अंगाला लावला.

“थांब.”

“काय आहे?”

“बोलू नकोस. तुला जड जाईल, पण बोलू नकोस.”

...

...

गार पाणी लागलं तशी आतून कोणीतरी ढुसणी दिली.

मी हात काढला. परत लावला. परत ढुसणी.

मी तिथंच मातीत बसले. हसायला येत होतं आणि डोळ्यांना पदर लावावा लागत होता.

“खोगीर तेच आहे,” बुवा म्हणाले. “पाठ ती राहिली नाही.”

“म्हणजे ती मला सांगत होती.”

“चावून सांगत होती. तुझी चौथी तरी झालीय, तिची तेवढीपण नाही.”

“मग आता?”

“खोगीर खुंटीला. घोडी गवताला. वरातवाल्याला चहा पाज आणि वाटेला लाव.”

“दीर ऐकायचा नाही.”

“मी सांगितलेलं तू तरी कुठं ऐकलंस? त्याचा हात लाव इथं.”

मी रेशमीच्या मानेला मिठी मारली तर ती चावली नाही. तंग सुटलेला होता, कशाला चावेल?

जीव थाऱ्यावर आला तसा राग आला.

“पण बुवा, हा उद्योग कुणाचा? स्टँडावरचे घोडे तर सगळे खच्ची. आणि पावसाळाभर ती इथं, तुमच्या कुरणात होती. मठात घोडी ठेवली म्हणजे लेक मामाकडं ठेवल्यासारखी, असं मीच सगळ्यांना सांगत फिरते.”

बुवा कुरणाकडं बघायला लागले.

कुरणात मठाचा पांढरा घोडा उभा होता. म्हातारा. एक पाय सैल सोडून, डोळे मिटून, जप चालल्यासारखा.

मी त्याच्याकडं बघितलं. मग बुवांकडं बघितलं.

“बुवा.”

...

“मन्सूरला मी महिनाभर शिव्या घालतेय. त्या आता कुणाच्या नावावर करू? नाव सांगा त्याचं. दीरसुद्धा पहिलं तेच विचारंल.”

बुवांनी रिकामी बादली उचलली.

“ब्रह्मचारी.”