दाजींची पितळी नळी

"पण का नाही? कुंडी माझी, हात माझे. मग तिला भोकं मी का नाही पाडायची?"

अनघानं तिसऱ्यांदा विचारलं. शिदूअण्णांनी तिसऱ्यांदा चहाची बशी तोंडाला लावली.

"रीत न्हाई."

"रीत म्हणजे काय, अण्णा? कारण सांगा ना."

"आपल्या कुंडीला आपण भोक पाडायचं न्हाई. संपलं."

अनघाच्या डोक्यात सणक गेली. म्हाताऱ्यांचं हे एक बरं असतं. उत्तर सापडलं नाही की रीत पुढे करायची!

पुण्याच्या कला महाविद्यालयात मातीकाम शिकून ती वारणेकाठच्या या कुंभारगल्लीत आली, त्याला आठ महिने झाले होते. बोन्सायच्या कुंड्या शिकायच्या तर शिदूअण्णांकडेच, या हट्टानं ती आली होती. आठ महिने तिनं माती चाळली, तुडवली, मळली. शेकडो कुंड्या मोडून पुन्हा मातीच्या ढिगात टाकल्या. आणि परवा पहिल्यांदा चाकावरून मनासारखी कुंडी उतरली. उथळ, ऐसपैस, काठ जरासा बाहेर कललेला, खाली तीन बुटके पाय.

ती सबनीस मास्तरांच्या वडासाठी होती. अडतीस वर्षांचा वड, उंची जेमतेम वीतभर. त्याची मुळं कुजायला लागली होती. मास्तरांनी तो जुन्या कुंडीतून काढून वाळूच्या टोपलीत ठेवला होता आणि जाताना हात जोडून म्हणाले होते, "महिन्याभरात कुंडी द्या. लेकरासारखं वाढवलंय हो."

अण्णा नदीवर अंघोळीला गेले.

त्यांची पाठ वळताच अनघानं ओलं फडकं बाजूला केलं, पातळ सुरी घेतली आणि कुंडीच्या बुडाला तीन भोकं पाडली. गोल, नेटकी. ओल्या बोटानं कडा गुळगुळीत केल्या.

झाली की! काय आकाश कोसळलं?

अण्णा परत आले. ओला पंचा दोरीवर टाकला. कुंडी पाहिली. करंगळी एका भोकात घातली. ती पेरावरच अडकली.

"भाजल्यावर आणखी आवळतील," ते म्हणाले.

"पण दिसतात किती छान!"

"वडाला दिसत न्हाईत."

"बरं बाई, मोठी करते."

तिनं पुन्हा सुरी घेतली. कडेनं केसाएवढी माती काढली. थांबली. आणखी केसभर काढली. पुन्हा थांबली. एवढं पुरे की, तिला वाटलं. जास्त काढलं तर बूड कमजोर होईल. पाय निसटेल. तडा जाईल... प्रत्येक कारण तिला अगदी शास्त्रशुद्ध वाटत होतं.

अण्णा कोपऱ्यात गेले आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले.

"ही बघ. मास्तर ठेवून गेलंत. जुनी कुंडी."

अनघानं ती उन्हात धरली आणि फिरवून फिरवून पाहिली. बाहेरून राखाडी निळी झिलई, काठाशी उतरत गेलेली. आतून कोरी, मुळांना धरायला खरखरीत. इतकी देखणी कुंडी तिनं प्रदर्शनातही पाहिली नव्हती.

मग तिनं ती उलटी केली.

बुडाला तीन भोकं. शेंगदाणा अडकावा एवढाली. भोवती साचलेल्या पाण्याचा काळा डाग.

"कुठल्या गाढवानं पाडलीत ही?" ती उसळली. "एवढी कुंडी करायची आणि भोकं अशी? पाणी जाणार कुठून? झाड मारायलाच निघाला होता की हा माणूस!"

अण्णांनी हातातलं गोणपाट खाली ठेवलं.

"मी."

...

दोरीवरच्या पंच्यातून पाणी ठिबकत होतं.

"दाजी गेलं, त्याच्या तिसऱ्या महिन्यातली," अण्णा म्हणाले. "म्हटलं, आता दुसरं कोण हाय पाडायला?"

दाजी म्हणजे तातोबा. अण्णांच्या धाकट्या बहिणीचे मालक. या छपराखाली दोघांनी एकतीस वर्षं जोडीनं काम केलं. कुंडी अण्णांच्या चाकावर उतरायची, भोकं दाजी पाडायचे. दाजी गेले आणि या एका कुंडीनंतर अण्णांनी मोठी कुंडी केलीच नाही. अनघा येऊन डोकं खाईपर्यंत गाडगी-मडकीच करत राहिले.

अनघानं दाजींना एकदाच पाहिलं होतं. पाच वर्षांपूर्वी, कॉलेजच्या सहलीत. तेव्हा हे छप्पर नुसतं गजबजलेलं होतं. फळीवर ओळीनं कुंड्या, चुलीवर चहा, आणि दोन म्हातारे एकमेकांना यथेच्छ टोमणे मारत बसलेले. दाजींच्या हातात स्टोव्हच्या पंपातून कापलेली पितळी नळी होती. ती कुंडीच्या बुडावर टेकवून ते ओरडले होते, "मेव्हणं, पाठ!"

आणि अण्णा खरोखर नदीकडे तोंड करून, कानांत बोटं घालून उभे राहिले होते.

थप्प. थप्प. दाजींनी नळी तोंडाला लावून जोरात फुंकली, तशी आतली मातीची गोळी उडून अण्णांच्या पाठीवर बसली.

"भईन दिली तवा एवढं रडलो न्हवतो," अण्णा तिकडे तोंड करूनच म्हणाले होते. "जरा ल्हान पाडा की, दाजी!"

"झाड तुमच्या घरचं हाय का? गप ऱ्हावा."

पोरं खो खो हसली होती. सगळ्यांत मोठ्यानं अनघा. तिनं वहीत लिहिलंही होतं : दोन मजेशीर म्हातारे.

आज तिला हसू आलं नाही. तिनं आपल्या कुंडीकडे पाहिलं, हातातल्या सुरीकडे पाहिलं. सुरी खाली ठेवली.

अण्णांनी फळीवरचं एक ओलं फडकं उचललं. खाली कुंडी होती. त्याच मापाची. तिच्या कुंडीहून, कबूल करायला तिला जड गेलं, पण कितीतरी सरस.

"ही कधी केलीत?" तिचा आवाज चढला. "म्हणजे माझ्यावर भरवसाच नव्हता?"

"भट्टीत काय तडकंल, कुणाला ठावं? झाड एकच हाय."

मग त्यांनी कोनाड्यातली नळी काढली. पितळ हिरवट पडलं होतं. बोटं धरायची तिथं मात्र घासून घासून खोलगट झालं होतं. ती त्यांनी अनघाच्या हातात दिली.

"पाड."

"तुमच्या कुंडीला?"

अण्णा वळले. नदीकडे तोंड केलं. कानांत बोटं घातली.

अनघानं कुंडी पालथी केली. गंमत म्हणजे या वेळी थांबायला तिला एकही कारण सुचलं नाही. कुठं पाडायची, किती मोठी, सगळं लख्ख दिसत होतं. पाणी थांबता कामा नये. नळी टेकवून तिनं दाबली, गोल फिरवून भोक आणखी रुंद केलं.

थप्प. थप्प. थप्प. आणि मध्ये आणखी एक.

नळी तोंडाला लावून तिनं फुंकली. गोळी अण्णांच्या पाठीवर जाऊन बसली.

अण्णांचे खांदे हलले. हसत होते की काय, मागून कळेना.

"लई मोठी पाडलीस वाटतं..." ते न वळताच म्हणाले.

"हवीच होती मोठी. झाड तुमच्या घरचं आहे का?"

अण्णांनी कानांतली बोटं काढली.

"दाजीबी ह्येच म्हणायचं," अण्णा म्हणाले.

ते वळले. भोकं पाहिली आणि दात आवळून 'स्स' केलं. मग अंगठा घातला. तो अल्लद आरपार गेला.

त्यांनी नळीसाठी हात पुढे केला. अनघानं ती दिली. अण्णांनी ती धोतराला पुसली आणि अनघाची कुंडी पुढ्यात ओढली.

"अण्णा... जरा बेतानं हं. तो डावीकडचा पाय नाजूक आहे. आणि मधलं भोक जरा लहान..."

अण्णांनी नळी टेकवली. मान वर केली.

"पोरी, पाठ!"