पथ्य मोडलेले टकले

एका संस्थानात राजवैद्य धुंडिराजबुवांनी भर दरबारात दाट केसांची माणसं उभी केली. "महाराज, ही सगळी माझ्या तेलाची करणी! आता चंद्राक्का तेलिणीचा घाणा बंद करा, गावाला माझंच तेल घेऊ द्या."

पोटावर पाय येतोय म्हटल्यावर चंद्राक्का कसली गप्प बसते! "बुवा, तेल लावूनही टकलेच राहिले, ते कुठायत?"

"त्यांनी पथ्य मोडलं. ते मोजायचे नसतात!"

"मग महाराज, माझा बैलही ज्योतिषी! मान हलवून भविष्य सांगतो. खरं ठरलं तर त्याची विद्या, खोटं ठरलं तर मानेवर माशी बसली होती."

महाराजांनी हळूच पगडी उतरवली. डोकं तुळतुळीत! "घाणा चालू राहील. आणि बुवा, तेल चोपडून पथ्य तर आम्हीही पाळलं. आमच्या डोक्यावर कोणती माशी बसली होती?"