महागडी पाणसळ आणि बरण्यांची फळी

हत्यारं माणसांशी बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. केरबा मिस्त्रींकडे दोन पाणसळी होत्या. फळी सरळ बसली की नाही, हे त्या आपल्या बुडबुड्यावरून सांगायच्या. एक होती प्लास्टिकची, स्वस्तातली. दुसरी अॅल्युमिनियमची, महागडी, मखमली पिशवीत राहणारी.

प्लास्टिकची दरवेळी म्हणायची, "मिस्त्री, मला उलट बाजूनं फिरवून बघा. माझा भरवसा नाही." पाणसळ बिघडलेली असली की फिरवल्यावर बुडबुडा जागा सोडतो; म्हणून केरबा तिला सुलट-उलट धरून दोन खुणा करायचे आणि त्यांच्या मधोमध रेघ मारायचे. महागडी हसायची. तिला कधी कुणी फिरवून पाहिलं नव्हतं.

एकदा ती शिडीवरून पडली. अंगावर ओरखडा नव्हता, पण आत काहीतरी हललंय, हे तिला कळलं. ती गप्प राहिली.

पुढचं काम वत्सलाबाईंकडे होतं, लोणच्याच्या बरण्यांसाठी फळी बसवायचं. केरबांनी महागडीला भिंतीला लावून रेघ मारली आणि ड्रिल उचललं. खाली काचेच्या भरलेल्या बरण्या मांडून ठेवल्या होत्या. फळी तिरकी बसली तर त्या हळूहळू कडेला सरकणार होत्या.

"मिस्त्री," महागडी कशीबशी म्हणाली, "मला फिरवून बघा."

केरबांनी फिरवलं. बुडबुडा त्याच्या नळीवरच्या खुणांबाहेर गेला. त्यांनी दुसरी खूण केली आणि दोन्हींच्या मधोमध नवी रेघ मारली. बरण्या फळीवर निवांत बसल्या.

संध्याकाळी महागडी मखमली पिशवीत न जाता बाकीच्या हत्यारांच्या पेटीत आली. प्लास्टिकची जरा सरकली आणि म्हणाली, "पहिल्यांदा फिरताना गरगरतं. मग सवय होते."