अर्ध्या गोळीचा निवाडा

एका गावात एक तातोबा होते, आणि ते होते तोवर त्या गावात वकिलाची चूल पेटणं कठीण होतं. बांधाचं भांडण असो की भावाभावांतली वाटणी, लोक त्यांच्या ओसरीवर येत. तातोबा दोघांचं ऐकून घेत, मान डोलावत आणि सांगत, "अर्धं तुझं, अर्धं त्याचं." दोघंही निम्मी खूश होऊन घरी जात. गावाला वाटे, यांना सगळं समजतं. खुद्द तातोबांनाही तसंच वाटे.

पुढं त्यांची बायको आक्काताई पोटदुखीनं बेजार झाली. पित्ताशयात खडे निघाले. शहरातल्या इस्पितळात आज एक तपासणी, परवा दुसरी असं चालणार होतं, म्हणून दोघं शेजारच्याच लॉजमध्ये खोली घेऊन राहिली. तिथं सगळी वस्ती पेशंटांची आणि त्यांच्या माणसांची. खाली सामाईक स्वयंपाकघर, वर एकसारखी दारं. तातोबा दोनदा परक्याच्या खोलीत शिरले. एकदा तर कॉटवर बसून त्यांनी टोपीही काढून ठेवली. आज वार कोणता, कोणत्या जिन्यानं उतरलं की इस्पितळ येतं, काही केल्या ध्यानात राहीना. ज्यांच्या शब्दावर बांध सरकत, ते इथं लिफ्टसमोर कोणतं बटण दाबावं याचा विचार करत उभे राहत. त्यांना भारी गोंधळल्यासारखं होई. पण हे सांगणार कुणाला?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई भरभर बोलल्या, त्यातही निम्मं इंग्रजीत. तातोबांच्या पदरात एवढंच पडलं, की उद्या सकाळी ऑपरेशन आहे, आणखी उशीर झाला तर जिवावर बेतेल, आणि आक्काताईंच्या रोजच्या दोन गोळ्यांपैकी एक द्यायची, एक नाही. कोणती द्यायची, कोणती नाही? आणि पोटात काही घालायचं की नाही?

"समजलं ना?" बाईंनी विचारलं.

तातोबांची मान सवयीनं डोलली.

"मला तर काय बी उमगलं न्हाई," बाहेर आल्यावर आक्काताई म्हणाल्या. "तुमास्नी समजलं न्हवं?"

"समजलं की! त्यात काय हाय?"

संध्याकाळी ते लॉजच्या स्वयंपाकघरात गेले आणि जणू दुसऱ्याचीच परीक्षा घेतोय अशा थाटात त्यांनी विषय काढला. समोरच्या खोलीतले बेलसरे मास्तर बायकोच्या उपचारासाठी महिनाभर मुक्कामाला होते. ते ठासून म्हणाले, "ऑपरेशन म्हटलं की पाण्याचा थेंब नाही. गोळीचं तर नावच काढू नका!"

आमटी ढवळणाऱ्या गयाकाकू फणकारल्या, "छे हो! गोळ्या चुकवल्या की घेरी येते. दोन्ही द्या, आणि वर कपभर दूध."

इतके दिवस चाचपडणाऱ्या तातोबांना एकदम बरं वाटलं. दोन बाजू समोर होत्या. हे काम त्यांच्या रोजच्या हातचं होतं! सकाळी त्यांनी आक्काताईंना दोन्ही गोळ्या अर्ध्या अर्ध्या मोडून दिल्या आणि अर्धा कप दूध पाजलं. मास्तरांचाही मान राहिला, काकूंचाही.

इस्पितळात हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "दूध पाजलंत? आता भूल दिली आणि उलटी श्वासात गेली तर पेशंट हाती लागेल का?"

त्या दिवशीचं ऑपरेशन रद्द झालं आणि पुढची तारीख मिळाली ती थेट आठवड्यानंतरची. तो आठवडा आक्काताईंनी गुडघे पोटाशी घेऊन काढला. कळ आली की त्या उशी दातांत धरत. तातोबा नुसते खोलीत येरझाऱ्या घालत. एका दुपारी त्या कण्हत म्हणाल्या, "न्याव तुमी केलासा. दोनी बाजूंचं ऐकलंसा. पर दुखतंय कुनाच्या पोटात?"

आपण हिला मारायला निघालो होतो, या विचारानं तातोबांना रडू कोसळलं.

आठवड्यानं पुन्हा तेच झालं. बाई भरभर बोलल्या आणि म्हणाल्या, "समजलं ना?" दाराशी माणसं खोळंबलेली. तातोबांची मान हलायला लागली होती. तेवढ्यात त्यांना पोट दाबून बसलेल्या आक्काताई दिसल्या.

"न्हाई, बाई," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले. "काय बी समजलं न्हाई. मागल्या खेपंला बी न्हवतं समजलं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" असं म्हणून त्यांनी सावकाश सांगितलं, की खायचं-प्यायचं काही नाही, दूध तर नाहीच, रक्तदाबाची गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर द्यायची आणि साखरेची बंद ठेवायची. मग ते सगळं तातोबांकडून म्हणवून घेतलं. ते एकदा चुकले, दुसऱ्यांदा बरोबर म्हणाले.

मागच्या बाकावर बेलसरे मास्तर आपल्या बायकोला घेऊन बसले होते. ते चुळबुळत उठले, घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, आमच्या हिची औषधंही तेवढी पुन्हा सांगाल का? महिनाभर मी आपला अंदाजानंच देतोय."

तातोबा त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी आक्काताईंचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं.

तात्पर्य: न समजता डोलावलेल्या मानेचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर जातं, म्हणून समजलं नसेल तर लाज सोडून तिथल्या तिथं, सांगणाऱ्यालाच विचारावं.