बोल्टावरचा नंबर

"वस्ताद, हा नंबर कानशीनं उडवता येईल का?"

केरबा वस्तादानं मान वर केली नाही. मांडीवर कुणाच्या तरी कडबाकुट्टीचं पातं होतं. त्यालाच धार लावत राहिला.

"कुठला नंबर?"

"रायफलीच्या बोल्टावरचा. सहा-शून्य-सहा-दोन. तो उडवायचा आणि तिथं सात-चार-एक-नऊ ठोकायचा. ठसे तुमच्याकडं आहेत."

"आहेत."

"मग?"

वस्तादानं पातं उलटून दुसरी बाजू धरली.

वस्ताद असाच. उत्तर द्यायचं नसलं की बहिरा व्हायचा. सगळी उमर फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात गेली. पेन्शन घेऊन गावी आला आणि बाभळीखाली पत्र्याची शेड टाकून बसला. विळे, पाती, पंप, काय येईल ते करायचा. गोड बोलणं तेवढं त्याला कधी जमलं नाही.

समोर उभा होता तो शिवदास भोईटे. पोरगा कामाला वाघ, पण ताठा भारी.

रायफल त्याच्या आज्याची. लढाईत इटलीच्या डोंगरात आज्याच्या खांद्यावर होती ती. पुढं सरकारनं जुनी म्हणून लिलावात काढली आणि ती दहा घरं फिरली. आज्याला मात्र तिचा नंबर पाढ्यासारखा पाठ. नातवाला झोपवताना सुद्धा तोच म्हणायचा. सात-चार-एक-नऊ. आजा गेला. त्या चार आकड्यांवर शिवदासनं रायफल हुडकली. परवान्यासाठी कचेरीत चपला झिजवल्या, साहेबांची बोलणी खाल्ली, पण घेऊन आला.

आणली तेव्हा तिला रायफल म्हणवत नव्हतं. वाळलेल्या ग्रीसचा गोळा, आणि त्यात फाटलेलं लाकूड.

वस्ताद म्हणाला होता, "मी हात लावणार नाही. सांगीन. करायचं तू."

पोरानं केलं. ग्रीस उन्हात पातळ करून चिंध्यांनी काढलं. फाटलेला दस्ता सांधला. जवसाचं तेल तळहातानं जिरवलं, कातडी सोलली तरी जिरवलं. हे मी बघितलंय म्हणून लिहितो. ऐकीव लिहायची मला सवय नाही.

आता दसरा तोंडावर आला होता. आमच्या गावात चावडीपुढं फौजींची शस्त्रपूजा असते. शिवदासनं गावभर सांगून ठेवलं होतं, यंदा मधल्या पाटावर आमच्या आज्याची रायफल.

आणि बोल्ट, गोळीमागं नळी बंद करणारा सरकता दांडा, निघाला परका; त्यावर रायफलीचाच नंबर हवा होता.

"सुभेदार बाबर येणार पूजेला," शिवदास म्हणाला. "म्हातारा आधी बोल्टच बघणार. रायफलीवर एक नंबर आणि बोल्टावर दुसरा. चारचौघांत म्हणणार, भोईट्यानं भंगार आणलं आणि आज्याच्या नावावर खपवलं."

"म्हणू दे."

"तुमचं काय जातं? मान माझी खाली जाणार. माझ्या आज्याची जाणार. मी ती जाऊ देणार नाही, वस्ताद. तुम्ही ठोकत नसाल तर मी साताऱ्याला जाईन. पण नंबर बदलणार."

वस्तादानं पातं खाली ठेवलं.

"बोल्ट बसतो का?"

"नंबरच वेगळा, तर बसणार कसा?"

"नंबराचं विचारलं नाही."

"अगं," वस्ताद घराकडं तोंड करून ओरडला, "काजळाची डबी आण."

हौसाकाकी डबी घेऊन दारात आली. वस्तादाची बायको. जिभेला तीही काही कमी नव्हती.

"लगीन झाल्यापासनं माझ्या डोळ्यांना कधी काजळ आणलं नाही," ती म्हणाली. "आणि बंदुकीला नटवायला निघालेत!"

"डबी दे."

"देते की. ही भोईट्यांची ना रं, शिवदासा? तुझा आजा पंगतीला बसला की पानाबाहेर दोन घास काढायचा. एक देवाचा. दुसरा कुणाचा, म्हणून माझ्या सासूनं एकदा विचारलं, तर म्हातारा भरल्या पानावरनं उठून गेला."

"घरी पण तसंच करायचा, काकी. त्याची खोडच होती ती." शिवदासचं लक्ष डबीकडं होतं.

बोल्टाला दोन कान असतात. बोल्ट बंद केला की ते आत जाऊन टेकतात, आणि गोळीचा सगळा दणका तेच सोसतात. वस्तादानं दोन्ही कानांना बोटानं काजळ फासलं. बोल्ट रायफलीत सारला. बंद केला. उघडला. बाहेर काढून शिवदासच्या हातावर ठेवला.

"बघ."

काजळ पुसलं गेलं होतं. दोन्ही कानांवर, सारखंच.

"दोन्हीकडं टेकलाय," शिवदास म्हणाला.

"परका बोल्ट असा आपसूक टेकत नाही. नीट बघ. कानशीच्या खुणा आहेत."

"जुन्या दिसतात."

"जुन्याच आहेत. कुणीतरी बसून ह्याच रायफलीला बसवलाय. घाईत बसवलाय. पण जीव लावून."

"म्हणजे तिकडं लढाईतच?"

"मी नव्हतो तिथं."

"आणि ज्याचा बोल्ट होता, त्याचं काय?"

"त्याला पुढं लागला नसंल."

हौसाकाकीनं डबीचं झाकण लावलं.

पण ताठा असा एका घावात मोडत नसतो.

"ते सगळं खरं," शिवदास म्हणाला. "पण रायफल माझ्या आज्याची आहे. नंबर तेवढा उडवा."

वस्तादानं त्याच्या हातातला बोल्ट घेतला आणि आपल्या बंडीच्या खिशात टाकला. मग रायफल उचलून शिवदासच्या दोन्ही हातांत दिली.

"जा."

"बोल्ट?"

"तो तुझ्या आज्याचा नाही. ही घे. ही सगळी त्याचीच आहे."

"बोल्टाशिवाय ही नुसती काठी आहे, वस्ताद!"

"मग काठी पूज. गावाला सांग, माझा आजा ही काठी घेऊन इटलीत लढला. आणि जिता परत आला."

शिवदासचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता हा रायफल आपटतो. नाही आपटली. बाभळीच्या बुंध्याला टेकून खाली बसला. रायफल मांडीवर आडवी घेतली. जिथं बोल्ट असायचा तिथं भोक पडलं होतं, त्यात बघत बसला.

"काकी..." तो म्हणाला. "तो दुसरा घास त्या बोल्टवाल्याचा."

हौसाकाकीनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

वस्ताद परत पात्याला धार लावायला लागला होता. शिवदास उठला. त्याच्यापुढं हात पसरून उभा राहिला. वस्तादानं खिशातून बोल्ट काढून दिला. पोरानं चिंधीवर तेल घेतलं, काजळ पुसलं, आणि बोल्ट जागेवर सारला. खट् करून बसला.

"ही मधल्या पाटावरच ठेवणार," तो म्हणाला. आवाज मघासारखाच होता, कणभर खाली आला नव्हता. "बोल्टाचा नंबर वर करून. सगळ्यांना दिसंल असा."

"ठेव."

"सुभेदार विचारणार. सगळ्या गावापुढं विचारणार, हा दुसरा नंबर कुणाचा? मला तर त्या माणसाचं नावही ठाऊक नाही. काय सांगू?"

वस्तादानं पात्याच्या धारेवर अंगठा फिरवून बघितला.

"विचारील त्याला घरी जेवायला बसव. आणि आज्यासारखा दुसरा घास काढ."