बाबाची शेळी, कुंडलिकची पोर

"…आन् तुला सुदच नसली, तर डाक्टरनं इचारायचं कुनाला?"

हैदरबाबा फकिरानं असं इचारलं, आन् कुंडलिकचं तोंड कारलं खाल्ल्यावानी झालं.

"बाबा, तुमी बी तसंच बोलाय लागला? डाक्टर बी ह्येच म्हनतोय. बेसुद पडलास तर तुझ्या वतीनं हो-न्हाई कोन म्हनल, माघारी पोर कुनाच्या पदरात. मी म्हनलं, आरं, काळीज नीट कराय आलोय का तिरडी बांधाय?"

बाबा दाढी खाजवत बसला.

कुंडलिकची लाकडाची वखार व्हती. गावात त्याच्या शब्दाला वजन, अंगाला त्याच्याहून जास्त. बायको मागंच गेलेली. पाठीमागं आठ वर्सांची मंजुळा, एवढीच. परवा सोलापुरात आपरेशन. तरी गडी बोलंना. त्यांच्या घरची रीतच तशी. मरनाचं नाव काढलं की त्याची म्हातारी आय थू थू करून चुलीत मीठ टाकायची. बोललं की व्हतं, अशी समजूत.

म्हनून डाक्टरला टाळून गडी माळावरच्या दर्ग्यात आला, डबाभर मलिदा घिऊन. पोरीला लांब लिंबाखाली बसवली. कानावर नको पडाय.

"मला ताईत द्या. मंग कुनाला काय सांगायचं कामच न्हाई."

"दितो की," बाबा म्हनला. "ही शेळी धर जरा. आलोच."

शेळीचं दावं त्याच्या हातात दिलं आन् बाबा दर्ग्याच्या भितीमागं गेला.

गेला तो गेला…

वखारीतली मानसं कुंडलिकच्या डोळ्याला भ्यायची. शेळी काय भिईना. तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक चावलं आन् नरडं ताणून वरडाय लागली.

भुकेली असंल, असं म्हनून त्यानं डबा उघडला. मूठभर मलिदा दिला. गप्प झाली. पुन्ना वरडली. पुन्ना दिला. गव्हाची पोळी, गूळ, तूप… शेळीनं असा पाहुनचार जल्मात बघितला नव्हता. डबा रिकामा झाला.

ऊन चढलं तशी शेळी फुगाय लागली. डावी कूस ढोलावानी झाली. मंग ती आडवीच झाली, पाय ताठ, जीभ भाईर.

"बाबा! ओ बाबा!"

त्यानं आनखी दोन हाका मारल्या.

खालच्या वाटंनं सिदू धनगर मेंढरं घिऊन चालला व्हता. हाक ऐकून पळत आला. त्यानं कुशीवर टिचकी मारली.

"काय चारलं?"

"मलिदा."

"आरं कर्मा! पीराचा नवस शेळीला फेडला व्हय?" मंग तो हसायचा थांबला. "दाभन टोचावं लागतंय. पोटातलं वारं निघालं तर वाचल. जागा चुकली तर हितंच जाईल. टोचू?"

"मला काय इचारतोस?"

"दावं तुझ्या हातात हाय."

"शेळी बाबाची हाय!"

"मंग बाबा काय सांगून गेलाय?"

"काय बी न्हाई! आलोच म्हनला!"

"आता बोल की लवकर. टोचू का नको?"

"टो… थांब. नको… थांब जरा…"

जल्मभर गडी हुकूम सोडत आलेला. ह्ये काप, त्ये चीर. आज त्याला एवढासा शब्द भाईर काढता यीना. हातातलं दावं घामानं भिजलं.

तेवढ्यात भितीमागनं बाबा आला. हसतच आला, चांगली जिरवली म्हनून. पर शेळी बघितली आन् हसू जाग्यावर इझलं. शेळीला मलिदा चारला, ह्ये त्याला बी ठावं नव्हतं.

तो खाली बसला. शेळीच्या डोळ्यावर हात ठिवला.

"टोच."

सिदूनं दाभन घातलं. फुस्स… आंबट वास सुटला.

सिदूनं कूस दाबून धरली.

लई येळानं शेळीनं मान उचलली.

मंग कुंडलिक उसळला. "मानसानं सांगून जावं का नको? ती काय खाती, तिला काय चालत न्हाई, आजारली तर काय करायचं… येक शब्द! माझ्या हातात जीव दिला आन् तोंड मिटून गेलासा!"

बाबानं नुसतं लिंबाकडं बघितलं.

लिंबाखाली मंजुळा उभी व्हती. कवाची कोन जाने. बा वरडला त्ये सगळं तिला ऐकू गेलं व्हतं.

कुंडलिक बी बघत ऱ्हायला. शेंगदाना खाल्ला की पोरीच्या अंगावर गांधी उठायच्या, घसा सुजायचा. ह्ये बायकोला ठावं व्हतं. आता एकट्या त्याला. थोरल्या भावाच्या घरात तर शेंगदान्याच्या चटनीबिगर ताट हलत न्हाई…

तो खाली बसला. आवाज पार उतरला.

"ताईत ऱ्हाऊ द्या, बाबा."

"हं."

"थोरल्याचं घर मोठं हाय. पर पोर मेव्हनीच्या, हौसाच्या, मागं मागं करती. हौसाचं घर दोन खनाचं. आन् माझ्यासाठी टोच म्हनायची येळ आली तर… थोरला रडत बसंल. हौसा म्हनंल. रडंल, पर म्हनंल."

"हं."

"मंग आधी कुनाला सांगू? थोरल्याला का हौसाला?"

बाबानं शेळीच्या डोळ्यावरचा हात काढला.

"तिला हाक मार," बाबा म्हनला. "आधी पोरीला सांग."